आप्पासाहेब भोसले

आप्पासाहेब भोसले ऊर्फ दुसरे मुधोजी (मृत्यू : १८४०, जोधपूर) हे नागपूरच्या भोसले घराण्यातील राजे होते. मावळती मराठेशाही आणि उदयोन्मुख ईस्ट इंडिया कंपनी यांच्यातील तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात त्यांनी राज्य गमावले.

पूर्वायुष्य

नागपूरकर भोसल्यांनी १७५१ मध्ये चांद्याचे गोंड राज्य आपल्या अमलाखाली आणले. दुसऱ्या रघूजींचे धाकटे बंधू व्यंकोजी यांच्याकडे चांदा व छत्तीसगडचा कारभार होता. आप्पासाहेब हे व्यंकोजींचे पुत्र असल्याने चांदा (आजचे चंद्रपूर व गडचिरोली जिल्हे) हा त्यांच्या घराचा मुलूख होता. व्यंकोजी १८११ मध्ये काशी येथे निवर्तले.

सत्ताग्रहण

मार्च १८१६ मध्ये दुसरे रघूजी वारले. त्यांचे पुत्र परसोजी शरीराने व बुद्धीने दुर्बल होते. कारभार मिळवण्यासाठी आप्पासाहेबांनी कंपनीचा आश्रय घेतला आणि मे १८१६ मध्ये तैनाती फौजेचा तह केला. पहिले व दुसरे रघूजी यांनी राखलेले स्वातंत्र्य या तहाने संपले. फेब्रुवारी १८१७ च्या आरंभी परसोजी बिछान्यात मृतावस्थेत आढळले. त्या वेळी आप्पासाहेब चांद्यास होते. मात्र हा खून त्यांच्याच संमतीने झाल्याचा ठपका पुढे कंपनीने त्यांच्यावर ठेवला.

इंग्रजांशी युद्ध

गादीवर येताच त्यांनी पुण्याशी गुप्त संधान बांधले. नोव्हेंबर १८१७ मध्ये दुसऱ्या बाजीरावांनी पाठवलेली सेनासाहेब सुभा पदाची वस्त्रे त्यांनी रेसिडेंट जेंकिन्सचा विरोध डावलून स्वीकारली. २६ व २७ नोव्हेंबरला सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली. संख्येने कितीतरी मोठी असूनही भोसल्यांची फौज हरली. डिसेंबरमध्ये आप्पासाहेब कंपनीच्या स्वाधीन झाले. त्यांच्या अरब शिपायांनी मात्र महिनाअखेरपर्यंत शहर लढवले. जानेवारी १८१८ च्या तहाने वऱ्हाड व नर्मदेकडील प्रदेश गेला.

चांद्याचा वेढा

तहानंतरही आप्पासाहेबांनी गोंड सरदारांना उठावासाठी चिथावले आणि चांद्यास निसटून बाजीरावांना मिळण्याचा बेत केला, असा आरोप ठेवून मार्चमध्ये त्यांना कैद करण्यात आले. चांद्याच्या रोखाने निघालेल्या बाजीरावांचा एप्रिलमध्ये पांढरकवड्याजवळ पराभव झाला. त्यानंतर कर्नल ॲडम्सने इरई व झरपट नद्यांमधील तटबंद चांदा शहराला वेढा घातला. तोफांनी तटाला खिंडार पाडून २० मे १८१८ रोजी इंग्रज फौज आत शिरली. किल्लेदार गंगासिंग या संग्रामात मृत्यू पावले. ज्या राजासाठी चांदा लढले, तो त्या वेळी तेथे नव्हता.

पलायन व अखेर

अलाहाबादेकडे नेले जात असता आप्पासाहेब मे महिन्यातच जबलपूरजवळून शिपायाच्या वेषात निसटले होते. महादेवाच्या डोंगरात गोंडांनी त्यांना आश्रय दिला. पुढे ते असीरगडास गेले. एप्रिल १८१९ मध्ये तो किल्लाही पडला. त्यानंतर पंजाबात व हिमालयाच्या पायथ्याशी भटकून ते जोधपूरच्या मानसिंगांच्या आश्रयास राहिले व तेथेच वारले.

नागपूरच्या गादीवर कंपनीने दुसऱ्या रघूजींचा अल्पवयीन नातू तिसरा रघूजी म्हणून बसवला आणि कारभार जेंकिन्सने हाती घेतला. तिसरे रघूजी १८५३ मध्ये निपुत्रिक वारल्यावर राज्य खालसा झाले व चांदाही ब्रिटिश अमलाखाली आला.