डॉ. कमला सोहोनी आणि प्रयोगशाळेतला चिमटा

कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या भागातल्या दालमिलवाल्यांना आणि शेतकऱ्यांना त्याचा आनंद झाला, तसा तो मंडळातल्या आम्हा सर्वांनाही झाला. रोजचे वरण काही त्यामुळे बदलले नाही. पण डाळीत नेमके काय असते, ती का शिजवावी लागते, तिच्यातली प्रथिने किती आणि कशी, हे प्रश्न ज्यांनी आयुष्यभर प्रयोगशाळेत तपासले त्या एका मराठी बाईंची आठवण मात्र झाली. त्यांच्या संशोधनाची सुरुवात आज आपली राजधानी असलेल्या बंगळूरलाच झाली होती. म्हणून या वेळी डॉ. कमला सोहोनी यांच्याविषयी.

माहेरच्या त्या कमला भागवत. जन्म १९११ सालचा, इंदूरचा. थोरली बहीण दुर्गाबाई, म्हणजे १९७५ च्या कराड साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गा भागवत. दुर्गाबाईंचे नाव आपल्या घराघरांत आहे, कमलाबाईंचे तितके नाही, ही आमची जुनी तक्रार. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले. तेव्हा मुंबई विद्यापीठातून १९३३ साली रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाल्यावर पुढच्या शिक्षणासाठी त्याच संस्थेचे नाव कमलाबाईंच्या मनात यावे, हे ठरल्यासारखेच होते.

अर्ज नाकारला गेला. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. नोबेल मिळालेले, संस्थेचे पहिले भारतीय संचालक. गुणांचा प्रश्न नव्हता, अर्जदार मुलगी आहे एवढेच कारण होते. कमलाबाई बंगळूरला जाऊन थडकल्या आणि प्रवेश मिळेपर्यंत हलणार नाही म्हणून त्यांनी सत्याग्रह केला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींसह. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरले जाणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम करावे लागेल, आणि प्रयोगशाळेतले वातावरण त्यांच्या असण्याने बिघडता कामा नये. तिसरी अट वाचताना आजही आमच्या हाताला मुंग्या येतात. कमलाबाईंनी तिन्ही मान्य केल्या. उतारवयात त्यांनी हा प्रसंग जाहीरपणे सांगितला. रामन शास्त्रज्ञ म्हणून मोठे, पण या बाबतीत मन कोते, असा त्यांचा अभिप्राय होता आणि झालेला अपमान त्या विसरल्या नव्हत्या.

आता त्या काळच्या प्रयोगशाळेत जरा थांबू, कारण हातावर खरा विश्वास कशाने बसतो ते तिथेच कळते.

रसायनाच्या विद्यार्थ्याच्या हातात पहिल्यांदा येणारी गोष्ट म्हणजे चिमटा. काचेच्या पेटीतला रासायनिक तराजू ग्रॅमचा दहाहजारावा भाग दाखवतो. त्याची पितळी वजने मखमल लावलेल्या लाकडी डब्यात बसवलेली असत. ग्रॅमहून लहान वजने म्हणजे धातूच्या पातळ पत्र्याचे तुकडे. त्यांचा एक कोपरा मुद्दाम वर वळवलेला, चिमट्यात धरता यावा म्हणून. वजनांच्या चिमट्याची टोके हाडाची किंवा हस्तिदंती करत, म्हणजे पितळेवर ओरखडा उठत नाही. बोटाने वजन उचलायचे नाही, हा नियम मोडणाऱ्याला कोणत्याही प्रयोगशाळेत बोलणी बसत. बोटाचा घाम आणि तेल वजनाला चिकटते. आज फरक नगण्य असेल, पण घामाने पितळ हळूहळू गंजते आणि मग त्या डब्यावर मोजणाऱ्या प्रत्येकाचे उत्तर चुकते. आपण केलेली चूक दुसऱ्याच्या वहीत उतरते.

भट्टीतून काढायच्या मुशीला लांब दांड्याची पकड. बिदरी कारागिराचे काम पाहिलेल्यांना मूस आणि सांडशी वेगळी सांगायला नको. फक्त रसायनाच्या प्रयोगशाळेत पथ्ये थोडी जास्त. लालबुंद मुशीला थंड पकड लावली तर मूस तडकू शकते, म्हणून पकडीची टोके आधी ज्योतीवर धरून कोमट करायची. पकड मेजावर ठेवताना टोके वर. खाली ठेवली तर मेजावरची धूळ मुशीला लागते आणि वजनात येते. मूस गरम असताना तोलायचीही नाही. गरम वस्तूभोवती हवा वर चढते आणि वस्तू आहे त्यापेक्षा हलकी भासते. तिला कोरड्या हवेच्या झाकणबंद भांड्यात गार होऊ द्यायचे, मग पुन्हा पकडीनेच उचलून पारड्यात. हात कुठेच लागत नाही.

काही पदार्थांच्या बाबतीत हे जिवावरचे. सोडियम रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात. ओल्या बोटांनी धरले तर बोटांवरचा ओलावाच त्याला पुरतो, कातडी भाजते. पांढरा फॉस्फरस पाण्याखाली ठेवतात, पाण्याखालीच कापतात आणि चिमट्याने उचलतात, कारण कोरड्या हवेत तो साधारण ३५ अंशांच्या आसपास पेट घेऊ शकतो. बोटांची ऊब त्याला भारी पडते. आपल्याकडच्या वैशाखात तर बोटांचीही गरज नाही.

अशा शिस्तीत कमलाबाई काम करू लागल्या. मार्गदर्शक एम. श्रीनिवासय्या कडक होते, आणि कडक मार्गदर्शक मिळणे हे भाग्यच. विषय होता दूध, डाळी आणि कडधान्यांतली प्रथिने. प्रथिन मोजण्याची रूढ रीत अशी, की तोललेला नमुना तीव्र सल्फ्युरिक आम्लात उकळायचा, त्यातल्या नायट्रोजनाचा अमोनिया करून तो मोजायचा आणि आलेल्या आकड्याला डाळींसाठी ६.२५ ने गुणायचे. म्हणजे चूकही सव्वासहा पटीने वाढते. ग्रॅमच्या पाचव्या भागाएवढा नमुना असेल आणि तोलताना एका मिलिग्रॅमची गफलत झाली, तर उत्तर अर्ध्या टक्क्याने हुकले. रात्री उशिरा, दिवसाच्या कामाने थकलेल्या हातांनी हे करायचे होते. तराजूला चिमटा कोणाच्या हातात आहे ते दिसत नाही. वर्षभरात काम पाहून संस्थेचे समाधान झाले आणि त्यांना नियमित संशोधनाची परवानगी मिळाली. १९३६ साली विशेष प्रावीण्यासह त्या एम.एस्सी. झाल्या. त्यानंतर संस्थेने मुलींना प्रवेश द्यायला सुरुवात केली. आज सीमाभागातून विज्ञान शिकायला बंगळूरला जाणाऱ्या आपल्या लेकी त्याच दारातून जातात.

पुढे केंब्रिज. जीवनसत्त्वांच्या कामासाठी १९२९ चे नोबेल मिळालेले सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांची प्रयोगशाळा तेव्हा जगभरच्या संशोधकांनी भरलेली होती, जागा नव्हती. डेरेक रिक्टर यांनी आपल्या मेजावर दिवसा काम करायची मुभा दिली. बंगळूरच्या रात्रींनंतर हा दिवसाउजेड. पुढे रॉबिन हिल यांच्यासोबत त्या वनस्पतींच्या श्वसनाकडे वळल्या आणि बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी असल्याचे त्यांना आढळले. हे लोहयुक्त, रंगीत प्रथिन श्वसनात इलेक्ट्रॉन पुढे पोहोचवते. हिल आणि भागवत या दोन नावांनी १९३९ साली नेचर नियतकालिकात टिपणही आले. पीएच.डी.चा प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा, काम चौदा महिन्यांचे. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री असा त्यांचा उल्लेख अनेक ठिकाणी होतो. जानकी अम्मल यांना मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट १९३१ सालीच मिळाली होती, तेव्हा पहिल्या काहींपैकी एक म्हणणे आम्हाला रास्त वाटते. त्याने कमलाबाईंचे काही उणे होत नाही.

१९३९ साली त्या परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय, मग कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा, आणि १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर मुंबईची विज्ञान संस्था. तिथे जीवरसायनशास्त्र विभागात त्यांनी विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या. कच्च्या कडधान्यांत प्रथिने पचू न देणारे घटक असतात, त्यावरही त्यांच्या विभागात काम झाले. डाळ नीट शिजवा, हा आजीचा आग्रह निराधार नव्हता तर.

राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास केला. आपल्याकडे सिंदीची झाडे पाहिली की माणसांना ताडी-सिंदीच आठवते. पण न आंबलेल्या ताज्या रसात जीवनसत्त्वे आणि लोह असते, आणि कुपोषित आदिवासी मुलांना व गरोदर स्त्रियांना तो दिल्यास प्रकृती सुधारते, हे कमलाबाईंच्या गटाने दाखवले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध प्रकल्पालाही दुधाच्या गुणवत्तेबाबत त्यांचा सल्ला असे. संस्थेचे संचालकपद मात्र त्यांच्या वाट्याला चार वर्षे उशिरा आले. पुन्हा तेच कारण होते असे म्हणतात, आणि आम्हाला ते खोटे वाटत नाही.

१९६६ साली मुंबईत ग्राहक मार्गदर्शक संस्था उभी राहिली, तिच्या संस्थापकांत कमलाबाई होत्या. पुढे त्या अध्यक्षही झाल्या आणि संस्थेच्या कीमत या नियतकालिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहीत राहिल्या. त्यांचे रसायनशास्त्र आता स्वयंपाकघरात आले होते. डाळीच्या गावात राहणाऱ्या आपल्याला त्यातले एक तरी ठाऊक असावे. तूरडाळ पिवळीधमक दिसावी म्हणून तिला मेटॅनिल यलो हा मनाई असलेला रंग चोळतात. डाळ पाण्यात हलवून ते पाणी काचेच्या नळीत घ्यावे आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकावेत. लगेच गुलाबी-जांभळी छटा आली तर रंग आहे असे समजावे. हे शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोर, नळी चिमट्यात धरूनच करावे.

उतारवयात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार ठरवला. परिषदेच्या प्रमुखपदी तेव्हा प्रथमच एक स्त्री होती, डॉ. जी. व्ही. सत्यवती. वयोवृद्ध कमलाबाई मुंबईहून गेल्या. सत्काराच्या समारंभातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच काळात त्यांचे निधन झाले.