फैजपूरला सजलेला बांबू

मैत्रिणींनो, आषाढीच्या रथाचं कौतुक आम्हा पिंप्राळेकरांना कुणी सांगायला नको. पण आपल्याच जिल्ह्यात, फैजपूरला, १९३६च्या डिसेंबरात साध्या बैलगाडीचा एक रथ सजला होता. त्यात बसले काँग्रेसचे अध्यक्ष जवाहरलाल नेहरू आणि तो सजवला शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांनी.

नंदलालबाबूंचा जन्म १८८२चा, बिहारातल्या मुंगेरकडचा. कलकत्त्यात अवनींद्रनाथ टागोरांकडे ते शिकले. तरुणपणी आपल्या शेजारच्या अजिंठ्याला येऊन त्यांनी भिंतींवरच्या चित्रांच्या नकला केल्या. पुढे कलाभवनाचे प्रमुख झाले. १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहावर त्यांनी लिनोवर कोरून गांधीजींचं चित्र छापलं. काठी, पंचा आणि पुढे पडलेलं पाऊल, बस्स! रंगसुद्धा काळा-पांढराच. पण असं चित्र एकदा कोरलं की भराभर प्रती निघतात, श्रीमंताच्या दिवाणखान्यात अडकून पडत नाही.

फैजपूरचं अधिवेशन हे खेड्यात भरलेलं पहिलंच. सजावट गावातल्या वस्तूंनी आणि गावातल्याच हातांनी व्हावी, हा गांधीजींचा आग्रह. मग काय, नंदलालबाबूंनी बांबू हाताशी धरला आणि तिलकनगर उभं राहिलं. खादी-ग्रामोद्योगाचं प्रदर्शनही होतं. माझ्या आजेसासूबाई सावद्याच्या. सात-आठ वर्षांच्या असताना वडिलांच्या खांद्यावर बसून त्या ते बघून आल्या. पुढारी कोण आले होते ते काही त्यांना सांगता यायचं नाही, पण बांबूच्या कमानीचं वर्णन करताना हात असे वर जायचे! रोज अंगणात पडलेला बांबू इतका देखणा दिसतो, याचंच त्यांना नवल.

आमच्या बचत गटांचं प्रदर्शन भरतं तेव्हा मला हे हटकून आठवतं. आत बायांनी विणलेल्या टोपल्या आणि दारावर मंडपवाल्याची प्लास्टिकची फुलं! यंदा मी मंडळात विषय काढलाय. बुरूड आळीतल्या बायांनाच कमान करायला सांगू, मजुरी रोख देऊ. दोघी-तिघींनी नाकं मुरडली, बघू.

१९३८ साली हरिपुऱ्याच्या अधिवेशनासाठी नंदलालबाबूंनी चित्रांची रांगच लावली. सुतार, ढोलवाले, धान्य कांडणाऱ्या बाया. येणारा-जाणारा शेतकरी सहज बघेल अशी, वाटेवर. पुढे आपल्या संविधानाची मूळ हस्तलिखित प्रत त्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी सजवली. १९५४ला पद्मविभूषण मिळालं, १९६६ला ते गेले. हरिपुऱ्याची बरीच चित्रं दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात जपली आहेत. फैजपूरचा बांबू मात्र आजेसासूबाईंच्या हातवाऱ्यांतच मी पाहिला.