वितळण्याआधीचा फोटो

डिसेंबरात सकाळी आमच्या रे रोडच्या घरी खिडकीच्या गजांवर दव दिसतं. चहा गाळून येईस्तोवर गायब! तेव्हा मला विल्सन बेंटले आठवतो. जन्म १८६५चा, अमेरिकेतल्या जेरिको गावच्या शेतकऱ्याचा मुलगा. आई पूर्वी शिक्षिका. १५व्या वर्षी तिनेच त्याला जुना सूक्ष्मदर्शक दिला. हिमकणाचं चित्र काढायला जावं, तर पुरं होण्याआधीच कण वितळायचा. श्वासाची ऊबही त्याला सोसत नसे. मग सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून १५ जानेवारी १८८५ला त्याने पहिला फोटो मिळवलाच! पुढे शेती सांभाळून ५०००हून जास्त काढले. १९३१मध्ये पुस्तक निघालं, त्याच डिसेंबरात न्यूमोनियाने तो गेला. मैत्रिणींनो, पोरगं नुसतं बघत बसलंय म्हणून ओरडण्याआधी ती आई आठवा.