विल्यम बँटिंग आणि उतरलेले ४६ पौंड

लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवरील बँटिंग घराण्याची पेढी अंत्यविधींची व्यवस्था पाहत असे, आणि तीही थेट राजघराण्यासाठी. १८२० साली तिसरा जॉर्ज, १८३० साली चौथा जॉर्ज, १८५२ साली वेलिंग्टनचा ड्यूक आणि १८६१ साली व्हिक्टोरिया राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट यांच्या अंत्ययात्रा याच घराण्याने पार पाडल्या. या प्रतिष्ठित घराण्यातील विल्यम बँटिंग यांचा जन्म १७९६ सालचा. ते सधन होते, कामसू होते आणि खाण्यापिण्यात बेताल नव्हते. आईच्या किंवा वडिलांच्या बाजूला कोणीही स्थूल नव्हते. तरीही तिशी ओलांडल्यानंतर त्यांचे शरीर सुटू लागले आणि पुढची तीन दशके ते थांबले नाही.

१८६२ च्या ऑगस्टमध्ये पाच फूट पाच इंच उंचीच्या या गृहस्थांचे वजन २०२ पौंड, म्हणजे जवळपास ९२ किलो होते. बुटाची नाडी बांधण्यासाठी त्यांना वाकता येत नसे. गुडघ्यांना आणि घोट्यांना हादरे बसू नयेत म्हणून ते जिना पाठमोरे उतरत. बेंबीजवळ हर्निया झाला होता, दृष्टी मंदावली होती, ऐकू कमी येत होते. लोकांच्या नजरा आणि टोमणे चुकवण्यासाठी त्यांनी सार्वजनिक वाहनांत बसणे आणि चारचौघांत मिसळणे कमी केले होते. ज्या माणसाचा व्यवसायच समारंभपूर्वक, सर्वांच्या नजरेसमोर वावरण्याचा, त्याने माणसांना टाळावे, यातच त्या काळातील त्यांची मनःस्थिती कळून येते.

बँटिंग डॉक्टरांकडे गेले नाहीत, असे मात्र मुळीच नव्हते. वीस वर्षांत जवळजवळ वीस वेळा त्यांनी वजन उतरवण्यासाठी उपचार घेतले, आणि तेही शहरातील नामवंतांकडून. स्नेही असलेल्या एका प्रख्यात शल्यविशारदाने व्यायाम सुचवला, तेव्हा बँटिंग रोज पहाटे दोन तास जड होडी वल्हवू लागले. स्नायू बळकट झाले, पण भूकही तितकीच वाढली. वजन उतरण्याऐवजी चढले आणि त्याच मित्राने व्यायाम थांबवायला सांगितले. दुसऱ्या एका मान्यवर वैद्याने वयाबरोबर वजन वाढणे स्वाभाविकच असल्याचे सांगून स्वतःचेच उदाहरण दिले. त्याचेही वजन तारुण्यापासून दरवर्षी एकेक पौंड वाढत आले होते. कोणी समुद्रस्नान सांगितले, कोणी घोडेस्वारी, कोणी लेमिंग्टन, चेल्टनहॅम, हॅरोगेट येथील झऱ्यांचे पाणी. औषधांच्या बाटल्यांमागून बाटल्या रिकाम्या झाल्या. तुर्की स्नानांचा मोठा क्रम पार पडल्यावर कमी झाले ते अवघे सहा पौंड. अर्धपोटी राहण्याचा प्रयोगही झाला. त्यातून अशक्तपणा आला आणि अंगावर गळवे उठली. बँटिंग प्रत्येकाचा सल्ला इमानाने पाळत आणि त्याला पुरेसा अवधीही देत. नेमके काय खावे आणि काय खाऊ नये, एवढे मात्र कोणी नीट सांगितले नव्हते.

अखेर वाट सापडली ती कानाच्या तक्रारीमुळे. नेहमीच्या कर्णतज्ज्ञाने दुखणे किरकोळ मानले आणि नंतर तो सुटीवर गेला. म्हणून बँटिंग सोहो स्क्वेअरमधील दुसऱ्या कर्णतज्ज्ञाकडे गेले. त्यांचे नाव विल्यम हार्वी. (रक्ताभिसरणाचा शोध लावणारे हार्वी दोन शतके आधीचे, हे केवळ नामसाधर्म्य.) हार्वींनी १८५६ साली पॅरिसमध्ये क्लॉड बर्नार्ड यांच्या मधुमेहविषयक सिद्धांतावरील चर्चा ऐकली होती. यकृत साखर तयार करते, हे बर्नार्ड यांनी दाखवून दिले होते. मधुमेहात साखर आणि पिष्टमय पदार्थ वर्ज्य केल्याने लाभ होत असेल, तर शरीरात साचणाऱ्या चरबीवरही तोच उपाय लागू पडेल, असा तर्क हार्वींनी केला. समोर बसलेल्या रुग्णाचा कानही चरबीच्या दाबामुळेच बिघडला असावा, हे त्यांचे अनुमान होते. त्यातील शरीरशास्त्र आज जसेच्या तसे टिकणार नाही, पण रुग्णाच्या आयुष्याला वळण मिळाले ते त्यानंतरच्या सल्ल्याने.

पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे हे पदार्थ हार्वींनी बंद केले. मग न्याहारीपासून रात्रीच्या जेवणापर्यंत काय खायचे, हे औंसांत मोजून ठरवून दिले. सकाळी चार-पाच औंस मांस किंवा भाजलेले मासे, बिनदुधाचा-बिनसाखरेचा चहा, औंसभर कोरडा टोस्ट. दुपारी पाच-सहा औंस मासे किंवा मांस, बटाटा सोडून कोणतीही भाजी, थोडे फळ आणि दोन-तीन पेले क्लॅरेट वाइन. वाइनचे हे प्रमाण आजच्या कोणत्याही आहारतज्ज्ञाला खटकेल. परंतु बँटिंग यांना प्रथमच असा सल्ला मिळाला होता, जो उद्या सकाळी ताटात वाढता येईल आणि ज्यात उपाशी राहण्याची अट नाही.

वजनाची नोंद ते तारखेनिशी ठेवत गेले. १२ सप्टेंबर १८६३ रोजी काटा १५६ पौंडांवर आला. वर्षभरात ४६ पौंड उतरले आणि कमरेचा घेर सव्वाबारा इंचांनी घटला. जिना ते सरळ उतरू लागले आणि कानही सुधारला. आजच्या मापाने त्यांचा बॉडी मास इंडेक्स ३३ च्या वरून २६ वर आला. गंमत अशी की, ब्रिटनमध्ये आज दक्षिण आशियाई वंशाच्या व्यक्तींसाठी २३ पासूनच अतिरिक्त वजन मानले जाते. सडपातळ झालेले बँटिंग आपल्यापैकी कोणी असते, तर डॉक्टरांच्या यादीत तरीही राहिले असते.

तपासणीच्या खोलीत काय बोलले जाते, याला किती महत्त्व आहे हे इंग्लंडमधील १३७ फॅमिली डॉक्टर आणि १,८८२ रुग्ण यांच्या चाचणीत दिसले. तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. वेगळ्याच तक्रारीसाठी आलेल्या रुग्णांपैकी काहींना डॉक्टरांनी वजन घटवण्याच्या बारा आठवड्यांच्या वर्गाला पाठवण्याची तयारी तीस सेकंदांत दाखवली आणि नाव नोंदवण्याची सोय तिथेच केली. उरलेल्यांना, वजन घटवल्यास प्रकृतीला लाभ होईल, एवढेच सांगितले. वर्षअखेरीस पहिल्या गटाचे वजन सरासरी २.४ किलोंनी, तर दुसऱ्या गटाचे एका किलोने घटले. रुग्ण दुखावले जातील ही डॉक्टरांची भीतीही फोल ठरली; हा विषय अनुचित वाटलेले रुग्ण हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघाले. बँटिंग यांना ज्या वैद्याने स्वतःच्या वाढत्या वजनाचा दाखला दिला होता, त्याच्याही हाती संधी अशीच चालून आली होती.

आपल्यासारखे कुढणारे अनेक असतील, या जाणिवेने बँटिंग यांनी मे १८६३ मध्ये ‘लेटर ऑन कॉर्प्युलन्स’ ही पुस्तिका स्वखर्चाने छापली आणि पहिली आवृत्ती फुकट वाटली. स्वतःच्या शरीराची लाज, जिन्यावरची फजिती, लोकांचे टोमणे हे सारे व्हिक्टोरियन काळात स्वतःच्या नावानिशी लिहायला धैर्य लागत होते. पुढच्या आवृत्त्यांच्या हजारो प्रती खपल्या, परदेशांत भाषांतरे झाली. मिळालेला नफा त्यांनी धर्मादाय संस्थांना दिला. वाचकांच्या हजारांहून अधिक पत्रांचा पाऊस पडला. हा आहार डॉक्टरांना विचारूनच सुरू करावा, असे ते वाचकांना बजावत राहिले.

वैद्यकीय वर्तुळाने मात्र त्यांच्यावर तोंडसुख घेतले. ‘लॅन्सेट’ने तर यात नवे काही नाही आणि सामान्य माणसाने वैद्यकाच्या वाटेला जाऊ नये, असा सूर लावला. आक्षेपांत तथ्य अजिबात नव्हते असे नाही. एका माणसाचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, आणि भरमसाट मांसाहार प्रत्येकाला मानवेल असेही नाही. जर्मनीत फेलिक्स फॉन निमायर यांनी पुढे स्निग्ध पदार्थही कमी करून या आहाराची निराळी आवृत्ती काढली. परंतु टीकाकारांच्या रोषात दुखावलेला अभिमान अधिक होता. वीस वर्षे हा रुग्ण याच व्यवसायाच्या दारात उभा होता, ही गोष्ट त्यांना सोयीस्कररीत्या विसरता आली. उपहास हार्वींच्याही वाट्याला आला. आपली बाजू मांडणारे पुस्तक त्यांनी १८७२ साली काढले. तोवर साऱ्या जगात तो आहार रुग्णाच्या नावाने ओळखला जाऊ लागला होता.

बँटिंग यांचे घटलेले वजन पुन्हा पूर्वपदावर गेले नाही. १६ मार्च १८७८ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. इंग्रजीत वजन उतरवण्यासाठी पथ्य पाळण्याला काही काळ ‘बँटिंग’च म्हणत. स्वीडिश भाषेत ‘बांटा’ हे त्याच अर्थाचे क्रियापद आजही रोजच्या बोलण्यात आहे.