जॉन एटकेन

जॉन एटकेन (१८ सप्टेंबर, इ.स. १८३९:फॉल्कर्क, स्कॉटलंड - १४ नोव्हेंबर, इ.स. १९१९:फॉल्कर्क, स्कॉटलंड) हे स्कॉटिश हवामानशास्त्रज्ञ व भौतिकशास्त्रज्ञ होते. हवेतील अदृश्य सूक्ष्मकणांची मोजणी करणारा धूलिगणक त्यांनी तयार केला.

ग्लासगो विद्यापीठात अभियांत्रिकी शिकून त्यांनी नेपियर यांच्या जहाजबांधणी कारखान्यात उमेदवारी केली. प्रकृतीने साथ न दिल्याने तो व्यवसाय सोडावा लागला. पुढे त्यांनी फॉल्कर्क येथील घरातच प्रयोगशाळा थाटली. बरीचशी उपकरणे ते स्वतःच बनवीत.

इ.स. १८८० मध्ये त्यांनी दोन काचपात्रांत वाफ सोडली. साध्या हवेच्या पात्रात दाट धुके झाले. कापसातून गाळलेल्या हवेचे पात्र स्वच्छच राहिले. बाष्पाला थेंब होण्यासाठी कणाचा आधार लागतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. फ्रान्सच्या कूलिए यांनी असाच प्रयोग इ.स. १८७५ मध्ये केला होता. त्याकडे फारसे लक्ष गेले नव्हते.

धूलिगणक

प्रत्येक कणाभोवती थेंब जमला, तर थेंब मोजून कण मोजता येतील, ही मूळ कल्पना. खरी अडचण हवा आत घेण्यात होती. साध्या हवेत कण इतके असतात की सर्वांवर एकाच वेळी थेंब जमत नाहीत आणि मोजणी कमी भरते. म्हणून एटकेन ओलसर पात्रात प्रथम गाळलेली हवा भरत व एकही थेंब पडत नाही याची खात्री करत. नंतर मोजक्या मापाची बाहेरची हवा आत घेऊन ती गाळलेल्या हवेत मिसळत. हवापंपाने हवा प्रसरण पावून थंड होई आणि थेंब १ मिलिमीटरच्या चौकोनांवर पडत. वरची हवा १ सेंटिमीटर उंचीची असल्याने एक चौकोन म्हणजे घन सेंटिमीटरचा शंभरावा भाग. आत घेतलेल्या हवेच्या मापात चूक झाली, तर ती पुढच्या गुणाकारात तितक्याच पटीने वाढे.

आयफेल टॉवर व स्वित्झर्लंडमधील रिगी पर्वतावरही त्यांनी मोजणी केली. 'धूळ' हा शब्द मात्र फसवा आहे. यांतील पुष्कळ कण ज्वलनातून निघालेले असतात. अशा अतिसूक्ष्म कणांना आज एटकेन केंद्रके म्हणतात.

बेन नेव्हिस वेधशाळेतही धूलिगणक वापरला गेला. तेथे इ.स. १८९४ मध्ये काही काळ काम केलेल्या सी.टी.आर. विल्सन यांनी पुढे कणविरहित हवेतील थेंबांचा अभ्यास करत मेघकोठी विकसित केली. एटकेन यांना इ.स. १८८९ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि इ.स. १९१७ मध्ये रॉयल पदक मिळाले.