सेवेला शास्त्राची जोड

हातात दिवा घेऊन रात्रीच्या वेळी जखमी सैनिकांच्या खाटांमधून फिरणारी स्त्री, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे चित्र जगभर परिचित आहे. हे चित्र खरे आहे. पण ते अपुरे आहे. युद्धभूमीवर त्यांनी दोन वर्षेही पुरती काढली नाहीत. त्यानंतरची चाळीसहून अधिक वर्षे त्या लंडनमधील आपल्या खोलीत कागदपत्रांच्या ढिगाऱ्यात बसून काम करीत होत्या. रुग्णालयातील नोंदी, मृत्यूंचे तक्ते, सैनिकी छावण्यांचे अहवाल हीच त्यांची साधने होती. शुश्रूषेला करुणा तर हवीच. पण आपल्या सेवेने रुग्ण खरोखर बरा होतो की नाही, हे तपासून पाहण्याची सचोटीही हवी, ही शिकवण त्यांच्या जीवनातून मिळते.

फ्लॉरेन्स यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स या नगरात एका सधन इंग्रज कुटुंबात झाला. जन्मगावावरूनच तिचे नाव ठेवण्यात आले. तिचे वडील विल्यम नाइटिंगेल हे विद्याव्यासंगी गृहस्थ होते. त्या काळी इंग्लंडमधील श्रीमंत घरांतील मुलींना संगीत, भरतकाम आणि पाहुण्यांचे आदरातिथ्य एवढेच शिकवले जाई. विल्यम यांनी मात्र आपल्या दोन्ही मुलींना ग्रीक, लॅटिन, इतिहास आणि तत्त्वज्ञान स्वतः शिकवले. धाकट्या फ्लॉरेन्सला विशेष ओढ होती ती गणिताची. मुलीच्या जातीला गणित कशाला हवे, असे आईला वाटे. पण फ्लॉरेन्सने हट्ट धरून गणिताची शिकवणी मिळवलीच. पुढे हेच गणित हजारो माणसांचे प्राण वाचवण्याच्या कामी येणार होते.

वयाच्या सतराव्या वर्षात, १८३७ मध्ये, ईश्वर आपल्याला सेवेसाठी बोलावीत आहे, अशी तिची दृढ भावना झाली. ही सेवा रुग्णांची असावी, असा निश्चय पुढील काही वर्षांत झाला. १८४५ मध्ये तिने घराजवळच्या रुग्णालयात शिकण्याची परवानगी मागितली, तेव्हा घरात जणू वीज कोसळली. त्या काळातील रुग्णालये म्हणजे गर्दीची, कोंदट आणि दुर्गंधीने भरलेली ठिकाणे होती. तेथील परिचारिकांना कोणतेही शिक्षण नसे आणि समाजात त्यांना मान नसे. अशा ठिकाणी आपली मुलगी काम करणार, ही कल्पनाही घरच्यांना सहन झाली नाही. फ्लॉरेन्सने उघड बंड केले नाही. पण आपला मार्गही सोडला नाही. पहाटे उठून ती रुग्णालयांचे आणि सार्वजनिक आरोग्याचे सरकारी अहवाल वाचून काढी. १८४९ मध्ये तिने विवाहाचा एक चांगला प्रस्ताव नाकारला. अखेर १८५१ मध्ये जर्मनीतील कायझर्सवर्थ येथील संस्थेत तिला तीन महिने प्रशिक्षण घेता आले. १८५३ मध्ये लंडनमधील स्त्रियांच्या एका लहान रुग्णालयाची व्यवस्था तिच्याकडे सोपवण्यात आली. तेव्हा तिचे वय तेहेतीस होते.

१८५४ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्स हे देश तुर्कस्तानच्या बाजूने रशियाविरुद्ध क्रिमियाच्या युद्धात उतरले. जखमी इंग्रज सैनिकांचे कसे हाल होत आहेत, याच्या बातम्या लंडनच्या वर्तमानपत्रांत येऊ लागल्या आणि लोकांत संताप उसळला. मंत्री सिडनी हर्बर्ट हे फ्लॉरेन्स यांना चांगले ओळखत होते. त्यांनी परिचारिकांचे पथक घेऊन जाण्याची विनंती केली. २१ ऑक्टोबर १८५४ रोजी अडतीस परिचारिकांसह फ्लॉरेन्स निघाल्या आणि ४ नोव्हेंबरला इस्तंबूलसमोरील स्कुटारी येथे पोहोचल्या.

तेथील लष्करी रुग्णालय म्हणजे एक जुनी, प्रचंड बराक होती. लांबच लांब दालनांत सैनिक दाटीवाटीने पडलेले असत. अंथरुणे, कपडे, भांडी, साबण या साध्या वस्तूंचाही तुटवडा होता. इमारतीखालील गटारे तुंबलेली होती. लष्करी डॉक्टरांना स्त्रियांची ही लुडबूड मुळीच रुचली नाही. त्यामुळे पहिले काही दिवस परिचारिकांना रुग्णांना हातही लावू दिला गेला नाही. फ्लॉरेन्स यांनी वाद घातला नाही. मोठ्या लढाईतील जखमींच्या झुंडी येऊन थडकल्या, तेव्हा डॉक्टरांनाच त्यांची मदत घ्यावी लागली. हाती असलेल्या निधीतून त्यांनी आवश्यक वस्तू विकत आणल्या, घर भाड्याने घेऊन तेथे कपडे धुण्याची सोय केली आणि रुग्णांसाठी पथ्याचे अन्न शिजवण्याची व्यवस्था लावली. रात्री दिवा घेऊन त्या दालनांमधून फेरी मारीत. मरणोन्मुख सैनिकांची अखेरची पत्रे त्या स्वतः लिहीत.

इतके करूनही मृत्यू थांबत नव्हते. त्या पहिल्या हिवाळ्यात स्कुटारीच्या रुग्णालयांत चार हजारांहून अधिक सैनिक मरण पावले. त्यांतील बहुतेकांचा बळी शत्रूच्या गोळ्यांनी घेतला नव्हता. हगवण, पटकी आणि विविध ज्वरांनी घेतला होता. फेब्रुवारी १८५५ मध्ये तर उपचार घेणाऱ्यांपैकी शेकडा सुमारे ४२ सैनिक दगावले. मार्चमध्ये इंग्लंडहून स्वच्छता आयोग आला. त्याने गटारे साफ करवली, पाण्याच्या वाटेतील मेलेली जनावरे काढली, भिंतींना चुना दिला आणि हवा खेळती राहील अशी सोय केली. जूनपर्यंत हेच प्रमाण शेकडा सुमारे दोनवर आले.

ऑगस्ट १८५६ मध्ये फ्लॉरेन्स इंग्लंडला परतल्या. देशभर त्यांचे नाव घरोघरी पोहोचले होते. पण सत्कार टाळण्यासाठी त्या टोपणनावाने प्रवास करून गुपचूप घरी आल्या. त्यांच्या मनात एकच प्रश्न घर करून होता. इतकी माणसे का मेली? अपुरे अन्न, अतिश्रम आणि रुग्णांना उशिरा आणले जाणे ही कारणे आरंभी त्यांना पटत होती. विल्यम फार या नामवंत सांख्यिकीतज्ज्ञांच्या साहाय्याने त्यांनी सर्व नोंदी तपासल्या, तेव्हा वेगळेच सत्य पुढे आले. आघाडीजवळील रुग्णालयांपेक्षा स्कुटारीतील मृत्यूचे प्रमाण अधिक होते. ज्या छपराखाली त्यांनी जिवापाड सेवा केली, तेथील घाणीनेच अनेक सैनिकांचा घात केला होता. सगळे जग ज्या कार्याचे गुणगान करीत होते, त्याच्याच उणिवा आकडे दाखवीत होते. हे सत्य मनाला फार लागणारे होते. तरीही त्यांनी ते दडवले नाही. उलट, ते साऱ्या देशापुढे यावे म्हणून त्या झटल्या.

१८५७ मध्ये लष्कराच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी शाही आयोग नेमला गेला. त्या काळी स्त्रीला आयोगाचे सदस्यत्व मिळणे शक्य नव्हते. पण आयोगापुढील बरीचशी माहिती फ्लॉरेन्स यांनीच जमवलेली होती. १८५८ मध्ये त्यांनी आपला विस्तृत अहवाल खाजगीरीत्या छापून मोजक्या अधिकारी व्यक्तींना पाठवला. रूक्ष तक्ते राज्यकर्ते वाचणार नाहीत, हे त्या ओळखून होत्या. म्हणून त्यांनी रंगीत आकृत्या काढल्या. वर्तुळाचे बारा भाग म्हणजे बारा महिने. प्रत्येक भागात निळा रंग टाळता येण्याजोग्या रोगांनी झालेले मृत्यू दाखवी, तांबडा जखमांमुळे झालेले आणि काळा इतर कारणांनी झालेले. निळ्या रंगाचा विस्तार पाहताच न सांगता सारे कळे. शांततेच्या काळात देशातील छावण्यांत राहणारे तरुण सैनिकही त्याच वयाच्या सामान्य नागरिकांच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणात मरतात, हेही त्यांनी दाखवून दिले. त्यानंतर बराकींची सुधारणा झाली, लष्करी वैद्यकीय विद्यालय निघाले आणि सैन्याच्या आरोग्याची नियमित आकडेवारी ठेवली जाऊ लागली. १८५८ मध्ये लंडनच्या सांख्यिकी संस्थेने त्यांना सदस्यत्व दिले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

याच सुमारास त्यांनी घरोघरच्या स्त्रियांसाठी शुश्रूषेवरील एक छोटे पुस्तक लिहिले. शुद्ध हवा, प्रकाश, स्वच्छता, शांतता आणि योग्य आहार यांबरोबरच रुग्णाचे बारकाईने निरीक्षण करावे, यावर त्यात भर होता. युद्धकाळात कृतज्ञ जनतेने उभारलेल्या निधीतून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांचे विद्यालय सुरू झाले. आरंभी तेथे पंधरा विद्यार्थिनी होत्या. पुढे या विद्यालयातून शिकलेल्या परिचारिका देशोदेशी गेल्या आणि एकेकाळी हलका समजला जाणारा हा व्यवसाय प्रतिष्ठेचा झाला. सर्व रुग्णालयांनी एकाच पद्धतीने नोंदी ठेवाव्यात, म्हणजे त्यांची तुलना करता येईल, असा आग्रह त्यांनी १८६० मध्ये लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे मांडला.

त्यांच्या सचोटीची आणखी एक परीक्षा लवकरच झाली. त्याच निधीच्या मदतीने लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात सुइणींच्या शिक्षणासाठी प्रसूती कक्ष उघडण्यात आला होता. तेथे सूतिकाज्वराने बाळंतिणी दगावू लागल्या. कक्ष चालू ठेवण्यासाठी कारणे शोधणे सोपे होते. पण १८६७ मध्ये तो बंद करण्यात आला. फ्लॉरेन्स तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी ठिकठिकाणच्या प्रसूतींची माहिती गोळा केली आणि १८७१ मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. त्या काळच्या प्रसूतिगृहांपेक्षा घरी बाळंत होणाऱ्या स्त्रिया, त्या गरीब असल्या तरी, अधिक सुरक्षित असतात, असा निष्कर्ष त्यातून निघाला. स्वतः उभ्या केलेल्या कामाविरुद्ध जाणारा पुरावा त्यांनी स्वीकारला आणि इतरांना सावध केले.

भारताशीही त्यांचा दीर्घकाळ संबंध राहिला. त्या भारतात कधी आल्या नाहीत. मात्र येथील सैन्याच्या आरोग्याच्या चौकशीसाठी त्यांनी सुमारे दोनशे ठाण्यांकडे प्रश्नावली पाठवून माहिती मागवली. भारतातील इंग्रज सैनिकांचे वार्षिक मृत्युप्रमाण दर हजारी ६९ असल्याचे १८६३ च्या अहवालातून उघड झाले. अशुद्ध पाणी, सांडपाण्याची गैरसोय आणि बराकींतील दाटी ही त्याची मुख्य कारणे होती. सुधारणा सुरू झाल्यावर दहा वर्षांत हे प्रमाण दर हजारी सुमारे १८ पर्यंत उतरले. हळूहळू त्यांचे लक्ष सैनिकांकडून सामान्य भारतीयांकडे वळले. दुष्काळ, पाटबंधारे आणि रयतेची दैना या विषयांवर त्यांनी लिहिले. १८८० नंतर खेड्यांतील स्वच्छतेविषयी पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार झाला.

फ्लॉरेन्स यांचे सगळेच विचार काळाच्या कसोटीला उतरले असे नाही. रोग जंतूंमुळे होतात, हा सिद्धांत स्वीकारायला त्यांना बराच वेळ लागला. दूषित हवेलाच त्या दीर्घकाळ दोष देत राहिल्या. परंतु प्रत्येक उपायाचा परिणाम मोजून पाहावा, ही त्यांची पद्धत मात्र टिकली. क्रिमियात जडलेल्या आजाराने त्यांना आयुष्यभर छळले. अनेक वर्षे त्या अंथरुणाला खिळून होत्या. तरीही काम चालूच होते. उतारवयात त्यांची दृष्टी गेली. १९०७ मध्ये त्यांना 'ऑर्डर ऑफ मेरिट' हा ब्रिटनचा मोठा सन्मान मिळाला. तो मिळवणाऱ्याही त्या पहिल्याच स्त्री होत. १३ ऑगस्ट १९१० रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. राष्ट्रीय सन्मानाने दफन करण्याची तयारी असतानाही, त्यांच्या इच्छेनुसार गावच्या चर्चच्या आवारात साधेपणाने त्यांचा अंत्यविधी झाला. त्यांचा जन्मदिवस, १२ मे, जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो.

त्यांनी पेरलेले बीज पुढे वाढत गेले. १९५२ मध्ये अमेरिकेत शुश्रूषेतील संशोधनासाठी स्वतंत्र नियतकालिक सुरू झाले. १९९८ मध्ये ब्रिटनमधून पुराव्यावर आधारित शुश्रूषा या विषयालाच वाहिलेले नियतकालिक निघू लागले. संशोधनाचे निष्कर्ष, परिचारिकेचा अनुभव आणि रुग्णाची इच्छा या तिन्हींचा मेळ घालून निर्णय घेणे, असा या शुश्रूषेचा अर्थ आहे. एखाद्या संशोधनाचा आधार पुढील किती अभ्यासकांनी घेतला, याचीही आज मोजदाद होते. त्यावरून ते विद्वानांपर्यंत किती पोहोचले हे समजते; ते रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचले का, हे मात्र रुग्णालयातच पाहावे लागते. फ्लॉरेन्स यांचा १८५८ चा अहवाल आरंभी मोजक्याच लोकांच्या हाती पडला होता. पण त्याने बराकींचे रूप पालटले आणि सैनिकांचे मृत्यू कमी झाले.

आज एखाद्या रुग्णालयात परिचारिका रुग्णाचा ताप पाहते, खाटेजवळच्या तक्त्यावर त्याची नोंद करते आणि कालच्या नोंदीशी ती ताडून पाहते. तिचे हे काम नेहमीचे, साधे वाटते. त्या साध्या नोंदीतच फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा वारसा जिवंत आहे.