जेम्स पीटर्स : यादीतून गाळलेले नाव

डिसेंबर 1906. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मैदानावर इंग्लंड विरुद्ध दक्षिण आफ्रिका असा रग्बीचा सामना होता. त्याच वर्षी मार्चमध्ये इंग्लंडकडून स्कॉटलंडला आणि मग फ्रान्सला हरवणारा एक खेळाडू या संघात मात्र नव्हता. त्याचे नाव जेम्स पीटर्स. इंग्लंडच्या रग्बी संघातला हा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू.

जेम्सचा जन्म 1879 चा, सॅलफर्डचा. वडील जमैकाचे, आई इंग्रज. वडील सर्कशीत होते आणि सिंहाच्या पिंजऱ्यातच त्यांचा जीव गेला. आईला एकटीला पोराचा सांभाळ जमेना, म्हणून तो दुसऱ्या सर्कशीत गेला. तिथे तो खोगीर नसलेल्या घोड्यावर कसरती करायचा. अकराव्या वर्षी हात मोडला. हात मोडलेल्या पोराचा सर्कशीला काय उपयोग? त्यांनी त्याला सोडून दिले.

पुढे लंडनच्या अनाथाश्रमांनी त्याला घडवले. ग्रीनिचच्या आश्रमात तो क्रिकेट आणि रग्बी अशा दोन्ही संघांचा कप्तान झाला. धावण्यात, उड्यांतही पुढे. आणि हातात सुतारकी आली, जी आयुष्यभर कामी आली.

ब्रिस्टलकडून ते खेळू लागले तेव्हा गोऱ्याची जागा काळ्याने घेतली म्हणून कुरबुर झालीच. 1902 मध्ये ते प्लिमथला गेले. दिवसा सुतारकाम, सुटीच्या दिवशी रग्बी. फ्लाय-हाफच्या जागेवर त्यांचा खेळ असा काही बहरला की डेव्हन परगण्याने 1906 साली विजेतेपद मिळवले. तेव्हा निवडकर्त्यांना त्यांना डावलणे अवघड झाले.

त्याच शरद ऋतूत दक्षिण आफ्रिकेचा संघ डेव्हनशी खेळायला आला. समोर काळा माणूस दिसताच पाहुण्यांनी मैदानात उतरायला कुरकुर केली. हजारो प्रेक्षक ताटकळत होते. वरिष्ठांनी समजूत घातली तेव्हा कुठे ते खेळले. डेव्हन हरले, पण पीटर्स खेळले. दोन महिन्यांनी देशाचा संघ निवडताना मात्र हा प्रसंगच येऊ दिला नाही.

पाहुण्यांचा द्वेष उघड होता, यजमानांचे काम गुपचूप झाले. आमच्या मते दुसरे अधिक घातक. आरक्षित जागेसमोर 'नॉट फाउंड सुटेबल' असा शेरा वाचलेल्या आपल्या तरुणांना हे वेगळे समजावून सांगायला नको. आणि 1906 म्हणजे तेच वर्ष, ज्या वर्षी मुंबईत युरोपियनांना हरवणाऱ्या हिंदू संघात पळवणकर बाळू गोलंदाजी करत होते. त्यांचे बळी संघाला हवे होते. चहा मात्र वेगळ्या भांड्यात, आणि कप्तानपद कधीच नाही.

पीटर्स पुन्हा संघात आले, 1908 पर्यंत एकूण पाच आंतरराष्ट्रीय सामने खेळले. 1910 मध्ये गोदीत काम करताना त्यांची तीन बोटे गेली. सुताराची बोटे! सगळ्यांना वाटले, संपला. ते त्यानंतरही खेळत राहिले.

मग नियम आडवा आला. त्या काळच्या रग्बी युनियनमध्ये खेळासाठी पैसे घेणे हा गुन्हा होता. हा नियम पोटापाण्याची चिंता नसलेल्यांना परवडणारा. मजुरी बुडवून खेळणाऱ्याने काय करायचे, याचे उत्तर त्यात नव्हते. पैसे घेतल्याचा ठपका ठेवून पीटर्सना दूर केले गेले. 1913 मध्ये ते उत्तरेला गेले आणि बॅरो, नंतर सेंट हेलेन्स या क्लबांकडून उघडपणे पैसे घेऊन रग्बी लीग खेळले. तोवर वय पस्तिशीला टेकले होते.

खेळ थांबल्यावर ते प्लिमथला परतले. तिथेच 1954 साली त्यांचे निधन झाले. इंग्लंडच्या रग्बी संघात त्यांच्यानंतरचा कृष्णवर्णीय खेळाडू, ख्रिस ओटी, आला तो 1988 मध्ये.